संगणकाची तारीख चुकते तेव्हा



रात्री लाईट गेली, सकाळी घरचा संगणक लावला, तर बँकेचे किंवा सातबाऱ्याचे पान उघडत नाही. लगेच 'फॉरमॅट मारा' म्हणणारे भेटतात. त्यात साठवलेला हिशेब जातो. आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती फार मागची असेल तर सुरक्षित पाने अडतात. तारीख दुरुस्त करा. लाईट गेल्यावर पुन्हा चुकली, तर आतले घड्याळ चालवणारा सेल संपला समजावे. संगणक बंद करून प्लग काढा, झाकण उघडा. नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल (बहुधा सीआर २०३२) दिसेल. त्याच नंबरचा नवा, अधिक खुणेची बाजू वर ठेवून बसवा व तारीख लावा. लॅपटॉप मात्र जाणकाराकडेच न्यावा.

उसाचे काय, यंत्राचे काय, रोग ओळखल्यावाचून औषध मारू नये.