कुत्र्याची जात आणि धन्याची जबाबदारी

कोकणातील वाडीवस्तीत कुत्रा हा शेतकऱ्याचा जुना सोबती आहे. म्हसळा तालुक्यात घर, गोठा आणि भातशेत यांची राखण करण्यास त्याचे मोठे साहाय्य होते. अलीकडे गावठी कुत्र्याबरोबर पिटबुलसारख्या परदेशी जाती पाळण्याची हौसही दिसते व त्यांच्याविषयी भीतीही. ही भीती कितपत सार्थ आहे, हे पाहणे इष्ट होईल.

पिटबुलचे पूर्वज इंग्लंडमध्ये बुलडॉग व टेरिअर यांच्या संकरातून निपजले. बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ तेथे १८३५ च्या कायद्याने बंद झाला. पुढे हा संकर कुत्र्यांच्या झुंजींसाठी वापरला गेला व अमेरिकेत पोहोचला. म्हणजे त्याच्या दुलौकिकास माणसाने लावलेले वळणच मुख्यतः कारण झाले. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, कुत्र्यांच्या वर्तनातील फरकांपैकी सुमारे ९ टक्केच फरक जातीमुळे असतो. तथापि बळकट कुत्र्याचा चावा अधिक गंभीर होतो. म्हणून त्याच्या धन्याची जबाबदारीही अधिक ठरते.

केंद्र शासनाने १२ मार्च २०२४ च्या पत्राने पिटबुलसह २३ जातींची आयात, पैदास व विक्री रोखण्यास राज्यांना कळविले होते. ते पत्र कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द ठरविले. परंतु जात कोणतीही असो, धन्याच्या निष्काळजीपणामुळे जनावरापासून माणसाच्या जीवितास धोका संभवल्यास, भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

गावाच्या दृष्टीने सर्वांत मोठा धोका पिसाळ रोगाचा, म्हणजे रेबीजचा होय. माणसास होणारा हा रोग बहुतांशी कुत्र्यांपासूनच होतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. लस न टोचलेले गावठी कुत्रे या बाबतीत लस टोचलेल्या पिटबुलपेक्षा अधिक धोक्याचे आहे. म्हणून कुत्रे पाळणाऱ्याने पुढील गोष्टी कराव्यात :

१) पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस टोचून घ्यावी व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी टोचावी.

२) पिल्लास लहानपणीच माणसे, मुले व गुरे यांची सवय लावावी. मारझोड करू नये.

३) कुत्रे दिवसभर साखळीस बांधून ठेवू नये, त्याने ते चिडखोर बनते. रोज फिरवावे, मात्र रस्त्यावर दोर हाती असावा.

४) पिल्ले नको असल्यास खच्चीकरण करून घ्यावे. नको झालेली पिल्ले बाजारात वा घाटात सोडून देऊ नयेत.

५) कुत्रे खात असता किंवा पिल्लांजवळ असता मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नये.

कुत्रे चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना किंवा हळद लावू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्र अथवा ग्रामीण रुग्णालय गाठावे व लशीची सर्व इंजेक्शने ठरल्या तारखांना पुरी करावीत. जखम भरली म्हणून मध्येच थांबू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील पाळीव कुत्र्यांची यादी करून तीत लशीची तारीख नोंदवावी, आणि पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने वाडीवाडीत लसीकरणाचा दिवस ठरवावा. गावातील निदान ७० टक्के कुत्र्यांस लस टोचली गेल्यास या रोगाचा प्रसार खुंटतो. शेजाऱ्याच्या मुलाचा जीव आपल्या कुत्र्याच्या लशीवर अवलंबून असू शकतो, हे प्रत्येक धन्याने ध्यानी ठेवावे.