मोफत आज्ञावली आणि तिच्याबरोबर येणारे आगंतुक

संगणक ही आता केवळ मोठ्या कचेऱ्यांतून आढळणारी वस्तू राहिलेली नाही. जिल्हा परिषदेची शाळा, सहकारी दूध संस्था, तालुक्याच्या गावातील झेरॉक्सचे दुकान, दाखले काढून देणारे सेवा केंद्र अशा ठिकाणी एखादा तरी संगणक असतोच. यंत्र एकदाच विकत घ्यावे लागते. परंतु त्याच्याकडून निरनिराळी कामे करवून घेण्यासाठी ज्या आज्ञावल्या, म्हणजेच सॉफ्टवेअर, लागतात त्यांची गरज वरचेवर पडते. सुदैवाने त्यांपैकी कितीतरी उत्तम आज्ञावल्या मोफत मिळतात आणि ज्या संस्थांना परवान्याचे पैसे भरणे परवडणारे नाही त्यांची कामे त्यांवर सुरळीत चालतात. मात्र या मोफत आज्ञावल्यांच्या आडोशाने काही आगंतुकही संगणकात शिरतात. त्यांना कोणी बोलावलेले नसते, आणि तरीही कागदोपत्री पाहिले तर आपणच त्यांना दार उघडलेले असते. हे कसे घडते याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२०१४ सालच्या पावसाळ्यातील एक प्रसंग सांगतो. एका खेड्यातील प्राथमिक शाळेच्या शिक्षकांनी मला शाळेचा संगणक पाहावयास बोलावले. प्रशिक्षणाच्या काही चित्रफिती त्यांना पेनड्राइव्हवर मिळाल्या होत्या. त्या उघडेनात, म्हणून कोणीतरी सुचविल्याप्रमाणे त्यांनी व्हीएलसी ही चित्रफिती दाखविणारी मोफत आज्ञावली इंटरनेटवरून उतरवून घेतली. चित्रफिती दिसू लागल्या. पण दुसऱ्या दिवसापासून संगणक उघडण्यास दहा-दहा मिनिटे लागू लागली. ब्राउझरच्या माथ्यावर एक अनोळखी पट्टी येऊन बसली. शोधपृष्ठ बदलले. विद्यार्थ्यांची माहिती भरावयाच्या पानावर जाहिराती तरंगू लागल्या, आणि ‘आपल्या संगणकात शेकडो दोष आढळले आहेत, दुरुस्तीसाठी पैसे भरा’ अशी सूचना तासातासाने झळकू लागली. “सर, मी काहीच केलं नाही हो. ते ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ म्हणत होतं, मी दाबत गेलो,” असे ते शिक्षक काहीशा अपराधी स्वरात म्हणाले. पगारातून पैसे भरून दुरुस्ती करून घ्यावी काय, असेही त्यांनी मला विचारले.

या प्रकरणात दोष व्हीएलसीचा नव्हता, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. व्हीएलसीचा उगम पॅरिसमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली हाती घेतलेल्या प्रकल्पात आहे. आज व्हिडिओलॅन ही ना नफा तत्त्वावर चालणारी संस्था ती आज्ञावली सांभाळते. मूळ आज्ञावलीत जाहिराती नाहीत आणि जोडलेला आगंतुकही नाही. शिक्षकांनी ती मूळ संस्थेकडून न घेता शोधयादीत सर्वांत वर दिसलेल्या भलत्याच संकेतस्थळावरून घेतली होती. त्या मध्यस्थाने मूळ आज्ञावलीला स्वतःचे वेष्टन घातले होते आणि त्या वेष्टनात आणखी चार वस्तू होत्या. नाव एकाचे, परिश्रम त्याचेच, आणि कमाई मात्र तिसऱ्याची, असा हा व्यवहार आहे. २०११ साली व्हिडिओलॅनच्या मंडळींनी अशा वेष्टनकारांविरुद्ध जाहीर तक्रार केली होती.

संमती कशी मिळविली जाते

आज्ञावली बसविताना पडद्यावर एकामागून एक चौकटी येतात. पहिल्या चौकटीत अटी असतात. त्या कोणी वाचीत नाही, आणि कोणी वाचणार नाही हे लिहिणारासही ठाऊक असते. पुढे ‘शिफारस केलेली पद्धत’ आणि ‘आपल्या पसंतीची पद्धत’ असे दोन पर्याय येतात. पहिला ठळक असतो, त्यावर आधीच खूण केलेली असते. दुसरा फिकट अक्षरांत, जणू तो केवळ तज्ज्ञांसाठी आहे अशा थाटात उभा असतो. जोडून आलेल्या वस्तूंची यादी मात्र या दुसऱ्या पर्यायाच्या पोटात दडलेली असते. काही ठिकाणी तिसऱ्या-चौथ्या चौकटीत दुसऱ्याच आज्ञावलीचा करार पुढे येतो. त्याची मांडणी पहिल्या करारासारखीच असल्यामुळे तो मूळ कामाचाच भाग आहे असे वाटते. ‘नकार’ दाबला तर सगळेच रद्द होईल या भीतीने माणूस ‘मान्य’ दाबतो. वास्तविक तेथे नकार दिल्याने मूळ आज्ञावलीचे काहीही अडत नाही.

आपल्याकडे सातबारा असो, कर्जरोखा असो, सही करण्यापूर्वी कोणाकडून तरी वाचून घेण्याची रीत आहे. सहीला किंमत आहे हे आपणांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कळ दाबणे हीदेखील एक सहीच होय, हे मात्र अजून अंगवळणी पडलेले नाही; या धंद्याचे सारे भांडवल तेवढेच आहे.

पैसा कोठून येतो

हा प्रकार काही खोडकर व्यक्तींचा उद्योग आहे असा समज असेल तर तो सोडून द्यावा. यामागे रीतसर व्यापार आहे. ज्यास आपली टूलबार किंवा तथाकथित ‘सफाई’ची आज्ञावली लोकांच्या संगणकांवर पोहोचवावयाची असते तो मध्यस्थ कंपनीस दर बसवणुकीमागे पैसे देतो, मध्यस्थ त्यातील वाटा लोकप्रिय मोफत आज्ञावल्या वाटणाऱ्या संकेतस्थळांना देतो. गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठ यांच्याशी संबंधित संशोधकांनी अशा चार मध्यस्थ जाळ्यांचा वर्षभर अभ्यास करून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका बसवणुकीचा दर १० सेंटपासून दीड डॉलरपर्यंत असल्याचे त्यांना आढळले. अशा आज्ञावल्या उतरविण्याचे आठवड्याला ६ कोटींहून अधिक प्रयत्न गूगलच्या संरक्षणव्यवस्थेच्या नजरेस येत होते. उघड घातक आज्ञावल्यांच्या तुलनेत हे प्रमाण जवळजवळ तिप्पट होते. वेष्टन संगणकात उतरताच तो संगणक कोणत्या देशातील आहे, त्यावर कोणती विषाणुरोधक आज्ञावली आहे, याची चाचपणी करते आणि त्यानुसार कोणते आगंतुक आत सोडावयाचे ते ठरविते, असेही या अभ्यासातून दिसून आले. चोर घर पाहून येतो, तसेच हे.

प्रतिष्ठित संस्थाही या मोहातून सुटल्या नाहीत. डाउनलोड डॉट कॉम या प्रसिद्ध संकेतस्थळाने २०११ साली स्वतःचे वेष्टन सुरू केले. संगणकजाळ्याची तपासणी करणाऱ्या एनमॅप या मोफत आज्ञावलीलाही ते घातले गेले, आणि तिचे निर्माते गॉर्डन लायन यांनी त्या वर्षीच्या डिसेंबरात जाहीर निषेध केला, तेव्हा संकेतस्थळास दिलगिरी व्यक्त करावी लागली. सोर्सफोर्जची कथा अधिक खेदजनक आहे. मुक्त आज्ञावल्यांचे निर्माते आपले काम लोकांपर्यंत पोहोचविण्यासाठी १९९९ पासून ज्या संकेतस्थळाचा आधार घेत आले, त्यानेच २०१३ साली निर्मात्यांना उत्पन्नात वाटा देऊन आगंतुक जोडण्याची योजना आणली. चित्रसंपादनाच्या गिंप या आज्ञावलीच्या निर्मात्यांनी त्याच वर्षी तेथून काढता पाय घेतला. परंतु मे २०१५ मध्ये असे उघडकीस आले की, त्यांचे जुने खाते संकेतस्थळाच्याच लोकांनी ताब्यात घेऊन गिंप वेष्टनासह वाटावयास आरंभ केला होता. गवगवा झाल्यावर ते थांबले. २०१६ च्या आरंभी संकेतस्थळ नव्या मालकांकडे गेले आणि त्यांनी ती योजनाच बंद केली.

जावा या आज्ञावलीचे उदाहरण मला याहूनही चिंताजनक वाटते. तिच्या सुरक्षाविषयक सुधारणांबरोबर आस्क नावाची टूलबार कित्येक वर्षे येत असे, आणि तिच्या चौकटीत आधीच खूण केलेली असे. २०१३ साली परीक्षकांना असे दिसले की, ही टूलबार लगेच न बसता दहा मिनिटे थांबून मग बसते. तत्काळ तपासणाऱ्यास काहीच सापडू नये! परंतु येथे खरे नुकसान टूलबारचे नव्हे. संगणक सुरक्षित ठेवावयाचा तर सुधारणा वेळच्या वेळी घ्याव्या, असे आपण लोकांस सांगतो. प्रत्येक सुधारणेबरोबर एक नको असलेली वस्तू गळ्यात पडू लागली, तर लोक सुधारणाच घेईनासे होतात आणि संगणक खऱ्या धोक्यास उघडा पडतो.

जाहिरातच तर आहे!

‘जाहिराती दिसतात, दिसोत बापड्या, त्यात बिघडले काय?’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी एक उदाहरण पुरेसे व्हावे. २०१४ च्या उत्तरार्धात लेनोव्हो कंपनीच्या काही लॅपटॉपांवर सुपरफिश नावाची जाहिराती दाखविणारी आज्ञावली विक्रीपूर्वीच बसविलेली होती. मोफत आज्ञावलीबरोबर ती आली नव्हती हे खरे, पण जात तीच. बँकेच्या संकेतस्थळाशी आपला व्यवहार गुप्त राहावा म्हणून ब्राउझर त्या संकेतस्थळाचे प्रमाणपत्र तपासतो. सुरक्षित पानांवरही जाहिराती घुसविता याव्यात यासाठी सुपरफिशने स्वतःचेच प्रमाणपत्र संगणकात विश्वासार्ह म्हणून नोंदविले होते, आणि त्याची गुप्त किल्ली अशा सर्व लॅपटॉपांवर एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे प्रकरण उजेडात येताच रॉबर्ट ग्रॅहम या तज्ज्ञाने काही तासांत त्या किल्लीचा परवलीचा शब्द शोधून काढला. म्हणजे त्याच सार्वजनिक वाय-फायवर बसलेल्या भामट्याला अशा ग्राहकाचा बँकव्यवहार वाचता आला असता. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने आणि ३२ राज्यांनी केलेल्या कारवाईत २०१७ साली तडजोड होऊन कंपनीस राज्यांना ३५ लाख डॉलर द्यावे लागले. गावच्या सेवा केंद्रातील एका संगणकातून दिवसाकाठी किती लोकांचे आधार क्रमांक आणि बँक खात्यांचे तपशील जातात याचा विचार केला, म्हणजे ‘जाहिरातच तर आहे’ हे बोलणे किती महाग पडू शकते ते समजते.

कायद्याची बाजू

आपल्याकडे ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये खरेदीसाठी ग्राहकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीद्वारे नोंदविता येत नाही. हा नियम खरेदीपुरता आहे. मोफत वस्तूस तो थेट लागू पडेलच असे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या १३ प्रकारच्या मांडण्या नमूद केल्या आहेत. न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणे, गोंधळात पाडणारा प्रश्न विचारणे, नको असलेली कृती करण्यास भाग पाडणे आणि संगणकात विषाणू असल्याची खोटी भीती घालून पैसे उकळणे यांचा त्यांत समावेश आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाविषयीच्या २०२३ च्या कायद्यानेही संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी असे म्हटले आहे. तथापि वेष्टनकार बहुधा परदेशी असतो आणि त्याचे नावही ठाऊक नसते. तेव्हा कायदा आपल्या मदतीस येईपर्यंत बराच काळ जातो, हे मान्य केले पाहिजे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. प्रत्यक्ष पैसे गेले असल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

प्रत्यक्षात काय करावे

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आज्ञावली कोठून घ्यावी ही आहे. शोधयादीत वर दिसणारे पहिले एक-दोन दुवे पुष्कळदा पैसे देऊन वर आणलेले असतात. ते ओलांडून मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावर जावे आणि पत्ता अक्षर न्‌ अक्षर वाचावा. मूळ स्थळाचे महत्त्व किती आहे ते २०२२ साली दिसून आले. त्या वर्षी कित्येक महिने व्हिडिओलॅनचे संकेतस्थळ भारतातून उघडत नव्हते. यामुळे लोक नाइलाजाने बनावट स्थळांकडे वळतील असा इशारा संस्थेने दिला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बंदी उठली.

बसविताना नेहमी ‘आपल्या पसंतीची पद्धत’ निवडावी, म्हणजेच ‘कस्टम’ किंवा ‘ॲडव्हान्स्ड’. चौकट वाचल्याशिवाय पुढची कळ दाबू नये आणि खुणा काढून टाकाव्या. विंडोज १० व ११ मध्ये नको असलेल्या आज्ञावल्या अडविण्याची सोय आहे. ऑगस्ट २०२१ पासून ती आपोआप चालू ठेवण्यास सुरुवात झाली. तरीही ‘विंडोज सिक्युरिटी’मधील ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’ या सदरात जाऊन ती चालू असल्याची खात्री करून घ्यावी. आगंतुक शिरलाच, तर बसविलेल्या आज्ञावल्यांची यादी तारखेनुसार लावावी. ज्या दिवशी गडबड सुरू झाली त्या तारखेच्या अनोळखी नोंदी एकत्र सापडतात. त्या काढून टाकाव्या. मग ब्राउझरमधील विस्तार तपासावे आणि शोधपृष्ठ पूर्ववत करावे. एवढ्याने न भागल्यास ॲडब्ल्यूक्लीनर ही मोफत आज्ञावली उपयोगी पडते, तीही अर्थात मूळ स्थळावरूनच घ्यावी. केंद्र शासनाने २०१७ साली सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही मोफत साधने उपलब्ध आहेत.

त्या शाळेचा संगणक मोकळा करण्यास मला दीड तास लागला. पैसे भरण्याचा प्रश्न उरला नाही. पुढे वर्षभराने त्या बाजूस जाणे झाले तेव्हा शिक्षकांनी कपाटातून एक पेनड्राइव्ह काढून दाखविला. शाळेला लागणाऱ्या सात-आठ मोफत आज्ञावल्या त्यांनी मूळ स्थळांवरून घेऊन त्यात साठविल्या होत्या, आणि हजेरीपटाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर प्रत्येकीचे नाव, संकेतस्थळाचा पत्ता आणि उतरविल्याची तारीख लिहिली होती. केंद्रातल्या इतर शाळांचे शिक्षकही तो मागून नेतात, असे ते म्हणाले; मात्र परत आल्यावर ते स्वतः तो विषाणुरोधकाने तपासल्याशिवाय पुन्हा शाळेच्या संगणकास लावीत नाहीत.