‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबण्याआधी

अगं, “ताई, पूर्ण पैसे भरलेत मी, मग गेम माझा का नाही?” असं तू तावातावानं विचारलंस, पण त्याचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देण्यासारखं नव्हतं. म्हणून हे निवांत लिहितेय. तुझा राग रास्त आहे, हे आधीच सांगून टाकते. घरातले म्हणतील, खेळच तर आहे, त्यावर एवढं काय चिडायचं! मी तसं म्हणणार नाही. शिकवणीच्या पैशांतून वाचवून तू गेम घेतेस, दिवसभराची दगदग संपल्यावरचा वेळ तिथे घालवतेस, तुझ्या शाळेतल्या मैत्रिणी आता तिथेच भेटतात. त्यामुळे तिथले नियम समजून घ्यायलाच हवेत, आणि ते समजावून सांगणारं कुणीतरी आपलं माणूस असावं.

गेम विकणाऱ्या स्टीमच्या कार्टमध्ये पैसे भरण्याच्या जागी एक बारीक ओळ दिसते, ती वाच. डिजिटल वस्तू खरेदी केली म्हणजे तिचा परवाना मिळतो, असं तिथे लिहिलेलं असतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही ओळ आली, कारण विक्रेत्यांनी ही गोष्ट गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावी असा कायदा कॅलिफोर्नियानं केला होता आणि तो जानेवारी २०२५ पासून लागू व्हायचा होता. अट मात्र जुनीच आहे. स्टीम सुरू झालं सप्टेंबर २००३ मध्ये. पुढच्या वर्षी ‘हाफ-लाइफ २’ आला, तेव्हा दुकानातून डिस्क विकत आणणाऱ्यांनाही खेळण्याआधी इंटरनेटवर जाऊन स्टीमवर नोंदणी करावी लागली. त्या वेळीही लोक असेच भडकले होते. वीस वर्षांहून जास्त काळ जे मुकाट्यानं चाललं होतं, ते आता तोंडावर सांगावं लागतं, एवढाच फरक पडला.

परवाना म्हणजे नेमकं काय, हे ‘द क्रू’चे खेळाडू तुला सांगतील. युबिसॉफ्टचा हा गाड्यांच्या शर्यतींचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं त्याचे सर्व्हर बंद केले. एकट्यानं गाडी पळवायची म्हटली तरी सर्व्हर लागायचाच, त्यामुळे सगळा गेमच मेला. त्यानंतर लोकांच्या लायब्ररीतला परवानाही काढून घेतला गेला. ज्यांनी रोख पैसे मोजून डिस्क घेतली होती, त्यांच्या हातात नुसती डिस्क उरली. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं. दुकान बंद झालं तर झालं, पण विकलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या घरात शिरून निकामी करायची नसते. रॉस स्कॉट या अमेरिकी यूट्यूबरनं त्यावरून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी केली, आणि युरोपीय संघाकडे दिलेल्या त्यांच्या मागणीपत्रानं जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. मधल्या काळात युबिसॉफ्टलाही पुढच्या भागांना ऑफलाइन सोय देऊ म्हणावं लागलं. म्हणून ‘आपल्या ओरडण्यानं काय होणार’ असं तू म्हणतेस ना, ते मला पटत नाही.

‘हेलडायव्हर्स २’ या गेमचंच बघ. मे २०२४ मध्ये सोनीनं जाहीर केलं की पीसीवरच्या खेळाडूंनाही आता प्लेस्टेशनचं खातं जोडावंच लागेल. ही अट विक्रीच्या पानावर लिहिलेली होती, पण सुरुवातीच्या गोंधळात ती कुणावर लादली नव्हती. दरम्यान, जिथे प्लेस्टेशनची सेवाच नाही अशा कितीतरी देशांतल्या लोकांनी गेम घेऊन टाकला होता. मग स्टीमवर नापसंतीच्या लाखो नोंदी पडल्या आणि काही दिवसांतच कंपनीनं निर्णय मागे घेतला. तूही कधी अशी नोंद लिहिलीस तर शिव्या न घालता नेमकं काय बिघडलं ते लिही. पुढची मुलगी ते वाचून आपले पैसे वाचवते.

आणि विकत घेण्याआधी विक्रीच्या पानाची उजवी बाजू वाचत जा. तिसऱ्याच कंपनीचं खातं लागणार का, हे तिथे लिहिलेलं असतं. संगणकाच्या अगदी आतल्या थरात बसणारं अँटी-चीट असेल तर तेही तिथे सांगायला स्टीमनं २०२४ च्या अखेरीपासून लावलंय. एकटीनं खेळायचा, गोष्टीचा गेम असेल आणि तो जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात मिळत असेल तर मी तुला तिथूनच घ्यायला सांगेन. त्याचा इन्स्टॉलर उतरवून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवता येतो आणि नंतर तो कुणाला विचारावं न लागता चालतो.

रिफंडचं माहीत असेलच, तरी सांगते. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला गेम स्टीम परत घेतं, कारण काहीही असलं तरी. दोन तासांचा हिशेब गेम उघडल्यापासून होतो, मेन्यूत घालवलेली मिनिटंही त्यात मोजली जातात. म्हणून नवा गेम घेतलास की पहिल्याच बैठकीत तुझ्या पीसीवर धड चालतो का ते बघ, सेटिंगशी खेळत बसू नकोस. जास्त पैसे देऊन तारखेआधी खेळायला मिळतं, तेव्हाचे तासही एप्रिल २०२४ पासून यात धरतात. खरं तर आगाऊ पैसे भरायची गरजच काय? डिजिटल प्रत संपत नाही.

आता तितकंच महत्त्वाचं दुसरं. ‘स्टीम फॅमिलीज’, म्हणजे घरातल्यांनी एकमेकांच्या लायब्ररीतले गेम खेळायची सोय. सप्टेंबर २०२४ पासून ही सोय सगळ्यांना मिळाली आणि ती खरोखर चांगली आहे. पूर्वी एकानं दुसऱ्याच्या लायब्ररीतला एक गेम उघडला की सगळी लायब्ररीच अडकायची. आता तू एक खेळ, दादा दुसरा खेळू दे, कुणाचं अडत नाही. एकच गेम दोघांनी एकाच वेळी खेळायचा तर मात्र दोन प्रती लागतात. सहा जणांपर्यंत ग्रुप होतो.

पण त्याच्या अटी वाचल्यास का? तुझ्या प्रतीवर खेळताना ग्रुपमधल्या कुणी चीट वापरलं आणि तो पकडला गेला, तर त्या गेममध्ये त्याच्यासोबत तूही बॅन होतेस. चूक त्याची, पण गेम तुझा. तुझ्या प्रोफाइलवर शिक्का बसतो, आणि ‘ते माझ्या मामेभावानं केलं’ हे तिथे कुणी ऐकून घेत नाही. दुसरी अट त्याहून चिकट आहे. मोठ्या माणसाला ग्रुपमधून केव्हाही बाहेर पडता येतं, पण आधीच्या ग्रुपमध्ये शिरल्यापासून एक वर्ष होईपर्यंत दुसऱ्या ग्रुपमध्ये जाता येत नाही. त्याची रिकामी झालेली जागाही वर्षभर अडकून राहते. म्हणजे दिवाळीत उत्साहानं सगळ्या भावंडांना घेतलंस आणि संक्रांतीला भांडण झालं, तरी पुढच्या दिवाळीपर्यंत ते तसंच.

मला माहीत आहे, मामाचा धाकटा ग्रुपमध्ये घे म्हणून तुझ्यामागे लागलाय. त्याला नाही म्हणणं जड जातंय, कारण मामी काय म्हणेल, आई काय म्हणेल. तू माझं नाव सांग. ‘ताईनं सेट केलंय, तिला विचार’ म्हण आणि मोकळी हो. तो वाईट मुलगा नाही, पण बारा वर्षांच्या मुलानं यूट्यूबवर बघून कुठली तरी फाइल टाकली तर त्याचे परिणाम त्याला कळणार नाहीत, आणि भोगशील तू. त्याला सुट्टीत घरी बोलावून तुझ्या शेजारी बसवून खेळू दे. प्रेम तेवढंच पोचतं. हॉस्टेलच्या मैत्रिणींनाही घेऊ नकोस, ही सोय एकाच घरातल्या माणसांसाठी आहे.

आणखी एक. ग्रुपमध्ये मोठे आणि मुलं अशा दोन भूमिका असतात. मोठ्यांना मुलांचे खेळायचे तास ठरवता येतात, कोण किती वेळ काय खेळलं ते बघता येतं, खरेदीला परवानगी देता येते. लहान भावंडांसाठी हे छानच आहे. पण तू एकोणीस वर्षांची आहेस. दादानं ग्रुप बनवून तुला ‘मूल’ म्हणून घेतलं तर गोड बोलून बदलून घे. काळजी आणि पाळत यातला फरक मोठ्या भावालाही कधी कधी समजावावा लागतो.

अँटी-चीटचं तुला वाटतं तितकं सोपं नाही. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड संगणक सुरू झाल्याबरोबर जागं होतं आणि विंडोजच्या सगळ्यात आतल्या थरात राहतं. विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं. ‘बॅटलफील्ड ६’ही सिक्युअर बूटशिवाय चालत नाही. चीटवाल्यांनी मॅचची वाट लावलेली असते तेव्हा अशी कडक व्यवस्था हवीशी वाटते, आणि मी ती वाईट म्हणणार नाही. पण तुझा पीसी तपकीर गल्लीतल्या दुकानातून असेंबल केलेला आहे. सिक्युअर बूट बंद असेल तर ते बायोसमधून चालू करावं लागतं, तिथे हात घालण्याआधी तुझ्या प्रोजेक्टची फोल्डरं दुसरीकडे उतरवून ठेव. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घे. जुनी डिस्क एमबीआर पद्धतीची असेल तर सिक्युअर बूट चालू केल्यावर विंडोज उघडणारच नाही, तेव्हा आधी दुकानदाराला विचार. सबमिशनच्या आदल्या रात्री हा उद्योग मुळीच करू नकोस.

लॅगबद्दल फार लिहीत नाही. इंटरनेटच्या पॅकवर लिहिलेला वेग वेगळा आणि पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, वेगळा. सर्व्हर मुंबईचाच निवडलाय ना ते बघ, आणि जमेल तिथे वायफायऐवजी केबल लाव. गेम पाससारखं दरमहा पैसे कापणारं काही घेतलंस तर यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या यादीत महिन्यातून एकदा डोकावत जा. दर वाढतात (ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत गेम पास अल्टिमेट वीस डॉलरवरून थेट तीस डॉलरवर गेला), आणि यादीतले गेम निघूनही जातात.

स्किन्सवर पैसे ‘गुंतवायचे’ असं तुझा वर्गमित्र म्हणतो, त्याचं ऐकू नकोस. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये चाकू आणि हातमोजे दुर्मीळ, म्हणून महाग होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हनं एक बदल केला, लाल दर्जाच्या पाच वस्तू देऊन चाकू किंवा हातमोजे मिळवता येऊ लागले, आणि चाकूंचे भाव रातोरात कोसळले. कंपनीचा एक निर्णय, आणि लोकांची बचत गेली. आवडली म्हणून एखादी स्किन घे, तुझ्या हौसेला मी आड येणार नाही. पण ती विकून फी भरायचा बेत मनातून काढून टाक.

डिस्कॉर्डवर कुणी लिहिलं, ‘चुकून तुझं अकाउंट रिपोर्ट झालं, आता या अधिकाऱ्याशी बोल’, तर बोलू नकोस. स्टीमचे कर्मचारी डिस्कॉर्डवर येत नाहीत. मेसेज मैत्रिणीच्या खात्यावरून आला तरी तिला आधी फोन कर, कारण तिचं खातं आधीच चोरीला गेलेलं असू शकतं. स्टीम गार्ड फोनवर चालू ठेव आणि त्याचा कोड कुणालाही सांगू नकोस, अगदी मलाही.

राहता राहिला माइक. तुझा आवाज ऐकला की समोरून काय काय येतं, ते तू अर्धवट सांगितलंस, पण मला पूर्ण कळलं. त्यात तुझी काहीच चूक नाही. चांगलं खेळलीस तरी बोलतात, वाईट खेळलीस तरी बोलतात. अशा वेळी रागानं मॅच सोडू नकोस, कारण सोडण्याचा दंड तुलाच बसतो. स्कोअरबोर्ड उघड, त्याला म्यूट कर, नकाशावरच्या खुणा आणि तयार आज्ञा वापरून खेळ पूर्ण कर, आणि मॅच संपल्याबरोबर रिपोर्ट कर. शक्य असेल तेव्हा पाचही जणी ओळखीच्या घेऊनच उतरा. मुलींसाठी व्हॅलोरंटच्या रायट कंपनीनं २०२१ पासून ‘गेम चेंजर्स’ नावाच्या स्पर्धा घ्यायला सुरुवात केली, त्यातल्या मॅचेस बघ. किती शांतपणे एकमेकींशी बोलत खेळतात त्या! आणि कुणी खेळाबाहेर येऊन इन्स्टावर त्रास देऊ लागला, फोटो मागू लागला, धमकावू लागला, तर उत्तर देऊ नकोस आणि काही डिलीटही करू नकोस. स्क्रीनशॉट ठेव. १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे, पैशांची फसवणूक झाली तर लगेच लाव. छळाची तक्रार सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर नोंदवता येते. मला रात्री दोन वाजताही फोन कर, आपण दोघी मिळून ती भरू. आई-बाबांना काय आणि कसं सांगायचं, ते मी बघते.