एलईडी दिवा आधी जोडावा, वीज मागाहून द्यावी

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ही विजेच्या सामानाची सुपरिचित बाजारपेठ होय. गणेशोत्सव जवळ आला की मंडळांचे कार्यकर्ते, सजावटकार व वायरमन यांची येथे एकच गर्दी उसळते. दिवा पेटवून पाहिल्याशिवाय घ्यायचा नाही, ही ग्राहकाची बल्बच्या काळापासूनची सवय रास्तच आहे. परंतु चालू ड्रायव्हरच्या तारा एलईडी दिव्याला टेकवून ही परीक्षा घेतली, तर चांगला दिवा त्या परीक्षेतच अधू होण्याचा संभव असतो.

बल्ब चालू होल्डरमध्ये बसविला तरी सहसा बिघडत नसे. एलईडीचे तसे नाही. त्यावरील दाब ठराविक मर्यादेपलीकडे थोडासा चढला तरी प्रवाह भराभर वाढतो. त्याला आवर घालण्यासाठी ड्रायव्हर असतो. रस्त्यावरील दिव्यांचे ड्रायव्हर बहुधा प्रवाह स्थिर राखणारे असतात. ठरलेला प्रवाह जावा म्हणून ते दाब कमीअधिक करतात.

दिवा काढला आणि ड्रायव्हर चालूच राहिला, तर प्रवाहाला वाट उरत नाही. ड्रायव्हर दाब कमाल मर्यादेपर्यंत चढवितो आणि त्याच्या बाहेरील टोकाशी असलेला कपॅसिटर त्या दाबाने भरून राहतो. समजा, एका माळेत प्रत्येकी सुमारे ३ व्होल्टचे १२ एलईडी आहेत. त्यांना ३६ व्होल्ट व ३५० मिलिअँपिअर पुरतात. पण मोकळा ड्रायव्हर ५४ व्होल्टवर जाऊन थांबला आहे. अशा वेळी माळ जोडताच जादा १८ व्होल्टना अडविण्यास माळेचा व तारांचा दहा-एक ओहम रोध तेवढा असतो. ड्रायव्हर सावरेपर्यंत क्षणभर सुमारे दोन अँपिअर, म्हणजे नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह धावतो. एलईडीच्या आतील जोडतारा केसाहूनही बारीक असतात. त्या कधी तत्काळ वितळतात, तर कधी केवळ दुखावतात. दुखावलेला दिवा दुकानात लख्ख पेटतो, खांबावर चढतो आणि काही महिन्यांनी विझतो. दोष मात्र मालाला दिला जातो व ग्रामपंचायत नव्या खरेदीचा ठराव करते.

रस्त्यावरील दिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाला. तेव्हापासून सार्वजनिक दिवाबत्तीत एलईडीचा वापर पुष्कळ वाढला असल्याने ही बाब आता केवळ सजावटीपुरती उरलेली नाही.

उपाय बिनखर्ची आहे. मुख्य वीज बंद करावी, कपॅसिटर रिता होण्यास थोडा अवधी द्यावा, दिवा घट्ट जोडावा आणि मगच वीज सुरू करावी. बटण ड्रायव्हरच्या आधी असावे. ड्रायव्हर व दिवा यांच्यामध्ये कदापि नसावे. सैल जोड हा तर छुपा शत्रूच. वाऱ्याने खांब हलला की तो सुटतो, पुन्हा टेकतो, आणि प्रत्येक वेळी तोच धक्का दिव्याला बसतो. काही ठिकाणी थर्मिस्टर बसवितात. तो थंड असताना रोध देतो. पण तापल्यावर त्याचा रोध घटत असल्याने अशा वारंवारच्या जोडणीत तो फारसा उपयोगी पडत नाही. त्यापेक्षा खरेदीच्या वेळीच मोकळ्या टोकांवरील दाब मर्यादित ठेवणारा आणि आय.एस. १५८८५ या भारतीय मानकाप्रमाणे नोंदणी झालेला ड्रायव्हर मागणे शहाणपणाचे.

सजावटीच्या १२ व्होल्टच्या पट्ट्यांना हा धोका सहसा नसतो, कारण त्यांत दर तीन एलईडींमागे रोधक बसविलेला असतो. याउलट काही स्वस्त ड्रायव्हरांत मुख्य वीज व दिव्याकडील तारा यांच्यामध्ये विलगीकरण नसते. अशा ड्रायव्हरच्या उघड्या तारेला वायरमनचा हात लागला, तर गाठ दिव्याशी नसून प्राणाशी असते.