हप्ता पिकाला विचारून येत नाही

वाईट दिवसांत माणूस जपून वागतो. हात आखडता घेतो, चार जणांना विचारतो. त्याला खोलात नेणारे निर्णय बहुतेक चांगल्या दिवसांत होतात, हे आमच्या डिंगोरे गावात शेती करताना मी वारंवार पाहिलं आहे. म्हणून गावातली तरुण पोरं विचारायला आली की मी मंदीपेक्षा तेजीबद्दलच जास्त बोलतो.

२०२३ चा जुलै आठवा. नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या टोमॅटो क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. आपल्या तालुक्यातले शेतकरी टीव्हीवर झळकले. सरकारने दिल्लीत स्वस्त टोमॅटो विकायला काढले, ऑगस्टात नेपाळहून आयातीची घोषणा झाली. माझ्या चुलतभावाने त्याच दिवसांत शेजारचं रान खंडाने घेतलं, हप्त्यावरच्या ट्रॅक्टरचा बयाणा दिला आणि जुन्या घराची कौलं उतरवली. रान, ट्रॅक्टर आणि घर, तिन्ही गोष्टी एकाच भावाच्या भरवशावर.

आता हिशेब बघा. रोप लावल्यापासून पहिला तोडा यायला साधारण दोन महिने लागतात. म्हणजे जुलैत लावलेल्या टोमॅटोचा जुलैच्या भावाशी काहीच संबंध नाही. त्याला सप्टेंबरचा भाव मिळणार, आणि सप्टेंबरात कोणाकोणाचा माल येणार हे जुलैतच ठरत असतं. ते कळायची जागा आहे रोपवाटिका. त्या महिन्यात रोपं मिळत नव्हती, नंबर लावावा लागत होता. आपल्या पट्ट्यात एवढी रांग असेल तर नाशिककडे आणि पार कर्नाटकातही लागवड वाढली असणार, हे समजायला पंचांग लागत नाही. तेव्हापासून लागवडीआधी मी बाजारभाव नंतर विचारतो. आधी रोपवाल्याला विचारतो, ‘बुकिंग कसं आहे?’ तो ‘सवडीने या’ म्हणाला की मला बरं वाटतं.

सप्टेंबरात तोच क्रेट शे-दोनशेच्या घरात आला. चुलतभावाची एक पट्टी मी हातात घेऊन वाचली. वर क्रेटची संख्या, भाव आणि एकूण रक्कम. खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं. तळाला जी रक्कम उरली होती तिच्यात तोडणीच्या बायकांची मजुरीही बसत नव्हती. मल्चिंग, बांबू, तार, सुतळी, फवारण्या यांचं त्या कागदावर नावच नव्हतं. ते सगळं औषधवाल्याच्या वहीत मांडलेलं. माल बरा होता. वहिनीने रोज पहाटे उठून तो निवडला होता. त्या दिवशी वहिनी एवढंच म्हणाली, ‘भाऊजी, हप्ता काही पिकाला विचारून येत नाही.’

घराचं काम जोत्यावर थांबलं. दोन पावसाळे त्यांनी पत्र्याखाली काढले. पोरीची कॉलेजची फी दुधाच्या पगारातून गेली, म्हणून शिक्षण वाचलं. दुधाचा पगार लहान असतो, पण दर दहा दिवसांनी येतो. घरात असं एक तरी लहान, नेमाने येणारं उत्पन्न ठेवा, आणि किराणा, फी, आई-वडिलांची औषधं त्याच्यावरच बसवा. टोमॅटोच्या पैशावर कधीच बसवू नका.

कांद्याचं गणित वेगळं. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली, ती बंदी थेट ४ मे २०२४ ला उठली. हे आधी कोणाला कळणार? असे निर्णय ओळखण्यात डोकं शिणवू नये असं माझं मत आहे. त्यापेक्षा आपल्याला थांबता येतं का, हे बघावं. डिसेंबरात बाजारात असतो लाल कांदा. तो टिकत नाही, मिळेल त्या भावाला द्यावाच लागतो. उन्हाळी कांदा बराखीत चार-पाच महिने राहतो, पण फुकट राहत नाही. वजन घटतं, खालचा थर सडतो, कोंब येतात. भाव वाढेपर्यंत माल किती कमी होईल हे धरलं नाही तर वाढलेला भावही तोट्याचा ठरतो. मी काढणीच्या वेळीच वहीत लिहून ठेवतो: एक हिस्सा लगेच, देणी भागवायला, दुसरा पाऊस लागल्यावर, तिसरा दिवाळीच्या आधी, भाव कोणताही असो. ओतूरच्या बाजारात दहा किलोमागे पन्नास रुपये वाढले की मन लगेच म्हणतं, अजून आठ दिवस थांबू. तेव्हा वही उघडायची. आपल्या डोक्यात हवा नव्हती तेव्हाचं ते अक्षर असतं.

घरगुती निर्णयालाही हेच लागू. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि कल्याणला नोकरी करणारा माझा धाकटा भाऊ बायको-पोरांसह गावी आला. कंपनी बंद, पगार बंद. मे महिन्यात तो म्हणाला, ‘कल्याणची खोली विकू आणि पॉलिहाऊस टाकू. शहरात आता काय राहिलंय?’ त्या उन्हाळ्यात टोमॅटोवरही रोग पडला होता. फळं एकसारखी पिकत नव्हती, लोक त्याला तिरंगा व्हायरस म्हणत. सगळेच घाबरलेले. आई म्हणाली, ‘खोली भाड्याने दे, विकू नको. वर्षभर आपल्यात खा.’ ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि तालुक्यात कितीतरी पॉलिहाऊसचे कागद फाटले. वादळ येणार हे आईला ठाऊक नव्हतं. मुंबईकडची खोली एकदा गेली की आपल्यासारख्याला परत घेता येत नाही, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं. पुढे भाऊ परत कामाला लागला आणि त्याच खोलीत राहायला गेला.

म्हणून जे मोडता येतं ते खुशाल करून बघा: नवं वाण एखाद्या वाफ्यात, नवी बाजारपेठ दहा क्रेटपुरती. जमीन विकणं, घर पाडणं, कोणाला जामीन राहणं, पोरीचं शिक्षण थांबवून लग्न उरकणं, हे तेजीच्या भरात नको आणि घाबरलेल्या मनानेही नको. घरातल्या बाईला कागद दाखवल्याशिवाय सही करू नका. मी पाहिलेल्या कितीतरी घरांत खर्चाचा खरा आकडा तिलाच माहीत असतो.

कर्ज काढणार असाल तर सोसायटीचं पीककर्ज सगळ्यात आधी फेडा. तीन लाखांपर्यंतचं वेळेत फेडलं तर बिनव्याजी पडतं, तारीख चुकली की ती सवलत जाते. ट्रॅक्टर किंवा विहिरीसाठी घेताना मासिक हप्ता मान्य करू नका. सहामाही मागा, तोही काढणीनंतर महिन्याभराने येईल असा. आणि सही करण्याआधी मागच्या पाच वर्षांतल्या सगळ्यात पडलेल्या भावाने हिशेब मांडा. त्या भावात हप्ता निघत नसेल तर जुना ट्रॅक्टर भाड्याने लावून अजून एक हंगाम काढा. चुलतभावाने यंदा तेच केलं आहे, आणि आधी घराच्या भिंती उचलल्या आहेत.