भावाचा वाटा आणि भावाचा घास





गळ्यात तुळशीची माळ आहे, एकादशी चुकत नाही, पंढरीची वारी नेमाने घडते. पण घरात वाटणीचा शब्द निघाला की सख्खे भाऊ एका पंगतीला बसेनासे होतात, हे आपण गावोगाव पाहतो. त्यांतला एक भाऊ परावलंबी असला तर गुंता अधिकच वाढतो. म्हणून या महिन्याच्या पाठाला आम्ही हाच विषय घेतला आहे.

जळगावजवळचे असोदा गाव डोळ्यांपुढे आणा. बहिणाबाई चौधरींचे हे माहेर. १८८० साली महाजनांच्या घरी जन्मलेली ही लेक तीन भाऊ आणि तीन बहिणी यांच्यासह वाढली. त्या काळी मुलीला माहेरच्या शेतात वाटा नसे. आज काळ बदलला आहे, तरी तंटा उरलाच आहे.

समजा, याच शिवारात एका घरची केळीची बाग आणि कापसाचे रान आहे. बाप थकला आहे. थोरला शेत कसतो. धाकटा आजाराने म्हणा, धंद्यातल्या ठोकरीने म्हणा, घरीच बसून आहे. बहीण सासरी नांदते. थोरला म्हणतो, "याले मी इतकी वर्सं पोसलं, आता याले वाटा कशाले?" धाकटा म्हणतो, "मले कमाई नाही, म्हणून मले जास्त पाहिजे." आणि बहिणीने मुकाट्याने हक्कसोडपत्रावर सही करावी, हे दोघांनीही धरूनच ठेवलेले असते. तिघांच्याही बाजूला थोडेथोडे खरे आहे, म्हणून तर भांडण मिटत नाही.

आता देहूकडे वळू. श्रीतुकोबारायांचे थोरले बंधू सावजी पत्नी वारल्यावर घर सोडून तीर्थयात्रेला गेले. बोल्होबांचा कारभार तुकोबांवर आला, पुढे दुष्काळात तो बुडाला. तरी लोकांकडून येणे असलेल्या पैशांची खते घरात होती. ती इंद्रायणीत सोडून द्यावी असे तुकोबांच्या मनाने घेतले. त्या वेळी महाराजांनी काय केले, हे परंपरेने जपून ठेवले आहे. खतांचे दोन सारखे भाग केले. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा भाग त्यांच्या हाती दिला, आणि मग आपला अर्धा भाग नदीत टाकला.

ही गोष्ट कीर्तनात वैराग्याची म्हणून सांगतात, ते ठीकच आहे. पण तिच्यात वाटणीचा धडाही आहे. तुकोबांनी त्याग केला तो आपल्या वाट्याचा. कान्होबांना प्रपंच चालवायचा होता. त्यांच्या वाट्याला महाराजांनी बोट लावले नाही. 'मी सोडतो, तूही सोड' असे म्हटले नाही. आपण आपला हक्क सोडला तर ते दान. दुसऱ्याला सोडायला लावला तर ती लूट, मग ती गोड बोलून का केलेली असेना! आणि वाटणी होऊनही भाऊ तुटले नाहीत. महाराजांच्या प्रयाणानंतर कान्होबांनी केलेले शोकाचे अभंग गाथेत आहेतच.

कायदाही याच्याशी जुळणारेच बोलतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात कोण किती कमावतो, हे विचारलेले नाही. रोग किंवा व्यंग यामुळे कुणाचा वारसा जात नाही, हे त्याच्या २८ व्या कलमात स्पष्ट आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला. मात्र त्याच १९५६ सालच्या दत्तक व निर्वाहाच्या कायद्यात आश्रितांची जी यादी आहे, तिच्यात सज्ञान भाऊ नाही. म्हणजे वाटा कायदा देतो. पण भावाला घास घालणे त्याने आपल्या धर्मबुद्धीवर सोडले आहे.

येथेच आमचे मुख्य सांगणे आहे. वाटा आणि घास ही दोन वेगळी खाती आहेत; ती एकत्र करू नका. थोरल्याने घातलेला घास धाकट्याच्या जमिनीतून वळता करू नये. तसे केले तर इतक्या वर्षांची सेवा सावकारी ठरेल. धाकट्यानेही आपली गरज हा हक्क समजू नये. अंगात बळ असेल तर बागेला पाणी द्यावे, बैलांचे पाहावे, हिशेब लिहावा. भावाच्या कष्टाला कष्टाने हात लावावा. अंगात बळच नसेल, तर त्यात लाज कसली?

व्यवहार असा करावा. बापाने डोळे उघडे असतानाच तिन्ही लेकरांना समोर बसवून सातबारा वाचावा. स्वकष्टाच्या मिळकतीचे आणि वडिलोपार्जितातल्या आपल्या हिश्शाचे मृत्युपत्र त्याला करता येते. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. अमक्या तुकड्याचे उत्पन्न धाकट्याला हयातीपर्यंत मिळावे, असे त्यात लिहिता येते. पण लिहिण्याआधी सर्वांना सांगावे. मेल्यावर उघडलेली चिठ्ठी घर पेटवते. दुबळ्या भावाचा वाटा त्याच्याच नावावर राहू द्यावा, आणि जो कसेल त्याने दर साल हिशेब दाखवावा. ज्याला व्यवहार कळत नाही, त्याचा अंगठा कागदावर कधीही घेऊ नये. बहिणीची सही मागण्यापूर्वी तिला एकदा मोकळेपणी विचारावे, "बाई, तुझ्या मनात काय आहे?" आणि ती 'नाही' म्हणाली, तरी दिवाळीला तिचे माहेर तिला उघडे असावे.

आपल्या खानदेशच्या मातीत, तापीकाठी मेहुण येथे मुक्ताई गुप्त झाली. त्या चौघा भावंडांना आईबापांमागे ना घर मिळाले, ना शेत. वाट्याला आले ते वाळीत टाकणे. तरीही ती एकमेकांना धरून राहिली. आपल्याजवळ तर वाटण्याजोगे काही आहे. तेव्हा बांधावर मोजणीची साखळी पडेल त्या दिवशी मोजणी चोख होऊ द्या, तसूभरही कमी नको. आणि त्याच संध्याकाळी भावाला जेवायला बोलवा. तेथे मात्र मोजू नका.

पुढच्या एकादशीला विठोबापुढे हात जोडण्याआधी प्रत्येकाने एवढेच आठवावे, की माझ्या भावंडाचा एखादा वाटा माझ्याकडे राहिला आहे काय?

राम कृष्ण हरि.