संकेतस्थळाचा विस्तारित मजकूर: शोध, क्लिक आणि चौकशी

जाहिरात वाचकाला शोधत येते. संकेतस्थळाच्या बाबतीत वाचकच मजकुराला शोधत येतो, आणि शोधताना तो विक्रेत्याचे नव्हे, तर स्वतःचे शब्द वापरतो. प्रस्तुत घटकातील विवेचन या भेदावर उभे आहे.

देवगडच्या एखाद्या आंबा बागायतदाराचे संकेतस्थळ डोळ्यांसमोर आणा. त्यावर एकच पान आहे: ‘अस्सल हापूस, उत्कृष्ट दर्जा, माफक दर’ आणि खाली दूरध्वनी क्रमांक. ‘देवगड हापूस’ असा शोध घेणाऱ्यास ते कदाचित दिसेल. परंतु ‘एका पेटीत किती डझन आंबे असतात’, ‘कच्चा हापूस घरी कसा पिकवावा’, ‘आंब्यात साका का होतो’ असे विचारणाऱ्यास शोधयंत्राने ते का दाखवावे? उत्तर तेथे नाहीच. ही उत्तरे लिहिली गेली, की तेच संकेतस्थळ अनेक नव्या शोधांमध्ये दिसू लागते.

येथे मराठीचा एक विशेष लक्षात घ्या. ‘आंबा’ या शब्दाची ‘आंबे’, ‘आंब्यात’, ‘आंब्याची’ अशी रूपे होतात. कोणी ‘हापूस’ लिहितो, कोणी ‘हापुस’, तर कोणी ‘अल्फान्सो’. (‘हापूस’ हेही मुळात पोर्तुगीज ‘अफोन्सो’चेच मराठी वळण आहे.) अनेकजण मराठी शब्द रोमन लिपीत टंकित करतात. शोधयंत्रे यांतील पुष्कळ रूपे ओळखतात, सर्व नव्हे. सविस्तर, प्रवाही गद्यात ही रूपे आपोआप येतात. त्यांची यादी करून मजकुरात कोंबणे हे भाषेच्या दृष्टीने कुरूप आणि व्यवहाराच्या दृष्टीने निरुपयोगी होय.

आता क्लिकच्या प्रमाणाकडे वळू. शोधनिकालांत दुवा जितक्या वेळा दिसला, त्यांपैकी शेकडा किती वेळा तो उघडला गेला, ते हे प्रमाण. समजा, पूर्वी दुवा १,००० वेळा दिसला व ५० वेळा उघडला गेला. प्रमाण ५ टक्के. विस्तारानंतर तो ४,००० वेळा दिसला व १२० वेळा उघडला गेला. प्रमाण ३ टक्के. प्रमाण घटले, पण वाचक दुपटीहून अधिक झाले! नव्या शोधांत पान आरंभी खालच्या क्रमांकावर दिसते, आणि काही वाचकांना निकालांच्या यादीतच उत्तर मिळून जाते. म्हणून केवळ टक्केवारी पाहून ‘मजकूर वाढवणे फसले’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. एकाच शोधशब्दाचे आधीचे व नंतरचे प्रमाण ताडून पाहावे. तेथे शीर्षक आणि त्याखालचे वर्णनवाक्य यांचा प्रभाव मोठा असतो. ‘आमच्याविषयी’ या शीर्षकापेक्षा ‘हापूस आढीत कसा पिकवावा’ हे शीर्षक वाचकाला अधिक काही सांगते.

चौकशीचे गणित याहून निराळे आहे. दर, पेटीतील नग, पाठवणीचे दिवस हे सारे पानावर असेल, तर ‘भाव काय?’ एवढेच विचारणारे दूरध्वनी कमी होतील. उलट ‘अक्षय्य तृतीयेपूर्वी पुण्यास दोन पेट्या पोहोचतील का?’ अशी नेमकी विचारणा येऊ लागेल. साका निघाल्यास फळ बदलून देणार की नाही, हे स्पष्ट लिहिणारा विक्रेता ग्राहकाच्या मनातील मुख्य शंकेलाच हात घालतो. आंबा कापल्याशिवाय साका कळत नाही, हे ग्राहकही जाणतो.

मात्र विस्तार म्हणजे फुगवटा नव्हे. गूगलने २०११ मध्ये ‘पांडा’ या बदलाद्वारे निकृष्ट, पोकळ मजकुराच्या संकेतस्थळांना निकालांत मागे सारले. एकच परिच्छेद गावाचे नाव तेवढे बदलून वीस पानांवर छापणे हा त्याच जातीचा प्रकार. शब्दसंख्येला स्वतंत्र मोल नाही.

स्वाध्याय: आपल्या परिसरातील एखाद्या व्यावसायिकास ग्राहक नेहमी कोणते प्रश्न विचारतात, ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. त्यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर सुमारे १५० शब्दांत, योग्य शीर्षक व एका वर्णनवाक्यासह लिहा.